चिमाजी आप्पा

चिमाजी बल्लाळ भट ऊर्फ चिमाजी आप्पा (जन्म : सुमारे १७०७; मृत्यू : १७ डिसेंबर १७४०, पुणे) हे मराठा साम्राज्यातील सेनापती होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे ते धाकटे पुत्र आणि थोरले बाजीराव यांचे बंधू. १७३७ ते १७३९ या काळात उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या मोहिमेचे त्यांनी नेतृत्व केले. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला आणि सुमारे दोनशे वर्षे चालत आलेली पोर्तुगीजांची उत्तर कोकणातील सत्ता संपुष्टात आली. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठा सैन्याचे नेतृत्व करणारे सदाशिवरावभाऊ हे चिमाजी आप्पांचे पुत्र होत.

या लेखात वसईच्या मोहिमेतील तारखा मराठी इतिहासग्रंथांत रूढ असलेल्या जुन्या कालगणनेनुसार दिल्या आहेत. पोर्तुगीज कागदपत्रांत ग्रेगोरियन कालगणना वापरलेली असल्याने त्याच घटनांच्या तारखा तेथे अकरा दिवसांनी पुढे आढळतात. वसईच्या शरणागतीची तारीख काही ग्रंथांत ५ मे, तर काहींत १६ मे अशी दिसते, ती याच कारणाने.

जन्म आणि कुटुंब

भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या त्रासामुळे बाळाजी विश्वनाथ घाटावर आले आणि छत्रपती शाहूंच्या सेवेत चढत जाऊन १७१३ मध्ये पेशवे झाले. बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांना बाजीराव व चिमाजी हे दोन पुत्र आणि भिऊबाई व अनुबाई या दोन कन्या होत्या. भिऊबाईंचा विवाह बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांच्याशी, तर अनुबाईंचा इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपडे यांच्याशी झाला. हे व्यंकटराव पुढे पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत गोव्याच्या आघाडीवर लढले.

चिमाजी आप्पांच्या पहिल्या पत्नीचे नाव रखमाबाई. ऑगस्ट १७३० च्या आरंभी त्यांच्या पोटी सदाशिवरावांचा जन्म झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रखमाबाईंचे निधन झाले. पोरक्या सदाशिवरावांचे संगोपन आजी राधाबाईंनी केले. पुढे चिमाजी आप्पांचा दुसरा विवाह अन्नपूर्णाबाई यांच्याशी झाला.

चिमाजी आप्पांची प्रकृती तरुणपणापासून नाजूक होती. खोकला आणि श्वसनाचा विकार त्यांना वरचेवर त्रास देत असे. त्यांच्या मोहिमा आणि त्यांचे अल्पायुष्य यांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

पेशवाईतील स्थान

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ यांचे सासवड येथे निधन झाले. शाहूंनी विशीच्या आतबाहेर असलेल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. त्याच वेळी चिमाजी आप्पांना सरदारकी आणि सुपे परगण्याची जहागीर मिळाल्याची नोंद ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. हे सुपे सध्याच्या बारामती तालुक्यात असून दौंड तालुक्याच्या लगत आहे.

दोघा भावांमध्ये कामाची एक विभागणी रूढ होत गेली. बाजीराव बहुधा दूरच्या स्वाऱ्यांत असत. सातारा दरबारातील शाहूंची मर्जी सांभाळणे, पैशाची तरतूद करणे, सरदारांमधील तंटे मिटवणे आणि फौजेला रसद पोहोचवणे ही कामे चिमाजी आप्पांकडे येत. पेशव्यांच्या दरबारातील विरोधकांशीही ते बोलणे चालू ठेवीत. तरीही त्यांची भूमिका केवळ कारभाऱ्याची नव्हती. गरज पडेल तेव्हा स्वतंत्र फौजेचे नेतृत्व त्यांनी केले आणि मोठे विजय मिळवले.

माळवा, गुजरात आणि सिद्दीविरुद्धची मोहीम

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादुर याच्यावर हल्ला चढवला. या लढाईत गिरिधर बहादुर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादुर हे दोघेही मारले गेले. उदाजी पवार, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे सरदार या मोहिमेत होते. माळव्यात मराठ्यांचा पाय घट्ट रोवला गेला तो या विजयाने. पुढे धार, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे उदयास आलेल्या सत्तांची पार्श्वभूमीही येथेच तयार झाली. उदाजींच्या पवार घराण्याचा एक वाडा पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात मलठण येथे आहे.

१७३० मध्ये चिमाजी आप्पा गुजरातेत उतरले. तेथील मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून त्यांनी चौथाई व सरदेशमुखीचे हक्क मान्य करून घेतले.

१७३३ पासून पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम हाती घेतली होती. त्या वर्षी रायगड मराठ्यांकडे परत आला, परंतु जंजिरा हाती लागला नाही. सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने यापूर्वी ब्रह्मेंद्रस्वामींच्या परशुराम येथील देवस्थानाला उपद्रव दिला होता. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी सिद्दी साताचा पराभव केला आणि तो मारला गेला. त्यानंतर सिद्दीने तह केला. या मोहिमेमुळे समुद्रकिनाऱ्यावरील युद्धाचा अनुभव चिमाजी आप्पांच्या गाठी आला. भक्कम आरमार नसेल तर बेटावरचा किल्ला घेता येत नाही, हा जंजिऱ्याचा धडाही त्यांच्यासमोर होता.

वसई आणि उत्तर फिरंगाण

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मधील तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस चिंचोळी जमीन अशा जागी त्यांनी भक्कम तटबंदीचे नगर उभारले. खाडीतून ठाणे व कल्याणकडे जाणारा व्यापार आणि समुद्रमार्गाने गुजरातेकडे जाणारी जहाजे या दोहोंवर वसईतून नजर ठेवता येई. चौलपासून दमणपर्यंतचा हा मुलूख पोर्तुगीजांच्या कारभारात उत्तर प्रांत म्हणून ओळखला जाई. मराठी कागदांत त्याला फिरंगाण असे म्हटले आहे. प्रांताचा मुख्य अधिकारी वसईत राहत असे आणि तो गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली काम करीत असे.

सतराव्या शतकात पोर्तुगीजांचे समुद्रावरील बळ ओसरू लागले. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी, आंग्रे आणि पेशवे अशा पाच सत्ता एकमेकींवर लक्ष ठेवून होत्या. यांपैकी पेशव्यांचे सामर्थ्य मुख्यतः जमिनीवरचे होते. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि सेखोजींच्या मृत्यूनंतर मानाजी व संभाजी या आंग्रे बंधूंत कलह सुरू झाला. मराठ्यांचे आरमार त्यामुळे दुभंगले. मानाजींनी पेशव्यांची बाजू धरली, तर संभाजी विरोधात राहिले.

युद्धाला स्थानिक कारणेही होती. पोर्तुगीज मुलखात हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचारावर निर्बंध होते, देवळे पाडली गेली होती आणि अनाथ मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याचे कायदे होते. भिवंडीजवळील अंजूर येथील गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पुण्याशी संधान बांधून मोहिमेचा आग्रह धरला. मुलखाची, वाटांची आणि खाडीच्या उतारांची माहिती मराठ्यांना या स्थानिक मंडळींकडूनच मिळाली.

साष्टीत प्रवेश (१७३७)

पोर्तुगीज ठाण्यास नवा किल्ला बांधत होते. १७३७ पर्यंत त्याचे काम पुरे झालेले नव्हते. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांच्या तुकड्यांनी रात्री खाडी ओलांडून साष्टीत प्रवेश केला आणि ठाणे घेतले. योगायोगाने याच सुमारास बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन धडकले होते. त्याच वेळी वसईच्या उत्तरेकडील अर्नाळा बेटही मराठ्यांनी जिंकले. त्यांनी तेथील किल्ला नव्याने बांधला आणि वसईला उत्तरेकडून होणाऱ्या मदतीवर पहारा बसवला.

वसईवरचा पहिला प्रयत्न मात्र फसला. शंकराजी केशव फडके यांच्या नेतृत्वाखाली शिड्या लावून तटावर चढण्याचे हल्ले झाले आणि ते मागे हटवले गेले. १७३७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर झालेल्या या प्रयत्नांत माणसे बरीच खर्ची पडली. माहीम-केळवे भागातही मराठ्यांना माघार घ्यावी लागली. अचानक छापा घालून वसई पडणार नाही, हे या अपयशाने स्पष्ट झाले.

जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाने बाजीरावांशी तह केला. त्यामुळे उत्तरेत गुंतलेले मोठे सरदार कोकणासाठी मोकळे होऊ शकले. पोर्तुगीजांनीही या काळात हालचाल केली. उत्तर प्रांताचा सेनानी पेद्रो द मेलो ठाणे परत घेण्यासाठी आला. परंतु डिसेंबर १७३८ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यात तो ठार झाला आणि त्याचे आरमार परत फिरले.

उत्तरेकडील ठाण्यांचा पाडाव (जानेवारी १७३९)

१७३८ च्या अखेरीस चिमाजी आप्पांनी मोहिमेची सूत्रे पुन्हा स्वतःकडे घेतली. या वेळी त्यांची योजना वेगळी होती. वसईच्या तटाला भिडण्यापूर्वी तिच्या आसपासची सर्व ठाणी घ्यायची आणि किल्ला एकटा पाडायचा, असे त्यांनी ठरवले. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू आणि तारापूर ही ठाणी जानेवारी १७३९ मध्ये एकामागून एक पडली.

तारापूरची लढाई विशेष अटीतटीची झाली. किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग उडवून मराठे आत शिरले आणि हातघाईची लढाई झाली. बाजीरावांचे बालपणापासूनचे स्नेही बाजी भिवराव रेठरेकर येथे गोळी लागून पडले. आप्पांना स्वतःलाही हे दुःख जड गेले.

याच महिन्यात व्यंकटराव घोरपडे आणि नरगुंदचे दादाजीराव भावे यांनी गोव्यातील साष्टी प्रांतात शिरून मडगाव घेतले व राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. ठाण्याजवळची साष्टी आणि गोव्यातील साष्टी हे दोन वेगळे प्रदेश होत. गोव्यावरील या दबावामुळे व्हाइसरॉय काउंट सांडोमिल याला उत्तरेकडे पुरेशी मदत पाठवता आली नाही. दोन आघाड्या एकाच वेळी उघडण्याची ही योजना वसईच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण ठरली.

वसईचा वेढा (फेब्रुवारी ते मे १७३९)

फेब्रुवारी १७३९ च्या मध्यास चिमाजी आप्पा वसईसमोर आले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही फौजांसह दाखल झाले. मार्च महिन्यात खाडीच्या दक्षिणेकडील धारावी आणि वेसावे ही ठाणी मराठ्यांनी घेतली. खाडीच्या मुखावर मारा करण्याची सोय त्यामुळे झाली आणि मुंबई-गोव्याकडून येणारी मदत कठीण बनली.

किल्ल्यावर जमिनीवरून चाल करण्यास उत्तरेची बाजू तेवढी उपलब्ध होती. तेथे रेमेडिओस आणि सेंट सेबॅस्टियन या नावांचे दोन बुरूज होते. मराठ्यांनी मोर्चे पुढे सरकवत नेले, तोफांसाठी दमदमे उभारले आणि तटाखाली सुरुंग खणण्यास आरंभ केला. वरून बंदुकांचा मारा, पेटते पदार्थ आणि दगड यांचा वर्षाव होत असे. वाळूची जमीन, भरतीचे पाणी आणि शत्रूचा मारा यांतून सुरुंग तटापर्यंत नेण्याचे काम अतिशय जिकिरीचे होते. किल्ल्याचा सेनानी मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यात मारला गेला आणि कायतानो द सोझा परेरा याच्याकडे सूत्रे आली. पोर्तुगीज शिबंदीनेही शौर्याची शर्थ केली, हे मराठी व पोर्तुगीज दोन्ही बाजूंच्या कागदांवरून दिसते.

वेळेचे बंधन आप्पांवर होते. पावसाळा तोंडावर आला होता आणि तो सुरू झाल्यावर वेढा टिकवणे अवघड होते. त्यातच मार्च १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत शिरला. त्याच्याशी मुकाबला करावा लागेल या अंदाजाने बाजीराव बऱ्हाणपूरच्या बाजूस थांबले होते आणि वसईत अडकलेल्या सरदारांची त्यांना निकडीने गरज होती. वसई सोडून निघावे की तेथेच सर्वस्व पणाला लावावे, हा प्रश्न आप्पांसमोर होता. त्यांनी वेढा उठवला नाही. किल्ला घेता येत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाकावे, असे त्यांनी सरदारांना निर्वाणीचे सांगितल्याची आख्यायिका महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

मे महिन्याच्या आरंभी सुरुंगांना बत्ती देण्यात आली. काही सुरुंग वेळेवर उडाले, तर काही उशिरा उडून त्यांत चढाई करणारे मराठेच सापडले. खिंडारातून चढणाऱ्या तुकड्या पुनःपुन्हा मागे रेटल्या गेल्या. अखेरीस सेंट सेबॅस्टियन बुरुजावर मराठ्यांनी पाय रोवला. दारूगोळा व मनुष्यबळ संपत आलेल्या शिबंदीने ५ मे १७३९ रोजी शरणागतीची बोलणी केली. आठवडाभराने, १२ मे रोजी, पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले.

या विजयाची किंमत फार मोठी होती. मराठ्यांचे पाच हजारांहून अधिक लोक वेढ्यात मारले गेले किंवा जखमी झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. पोर्तुगीजांकडील हानी त्याने सुमारे आठशे सांगितली आहे.

शरणागतीच्या अटी

तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत, लष्करी इतमामाने बाहेर पडू देण्यात आले. नागरिकांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी मुदत मिळाली. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना धर्माचरणाची मोकळीक देण्यात आली आणि त्यांच्यासाठी काही चर्च राखून ठेवण्याचे मान्य झाले. तीन महिन्यांच्या निकराच्या लढाईनंतरही या अटी पाळल्या गेल्या. वसई परिसरातील ख्रिस्ती समाज पुढे मराठी राज्यात नांदला आणि आजही तेथे आहे.

वसईबरोबर उत्तर प्रांतही पोर्तुगीजांच्या हातून गेला. त्यांच्या बाजूच्या हिशेबानुसार या युद्धात त्यांनी वीस किल्ले, चार प्रमुख बंदरे आणि ३४० गावे गमावली. उत्तरेस दमण आणि दीव एवढीच ठाणी त्यांच्याकडे टिकली. सप्टेंबर १७४० मध्ये झालेल्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांना मिळाली. त्याबदल्यात मराठ्यांनी गोव्यातील साष्टी सोडून दिली.

मुंबईकर इंग्रजांची भूमिका

या सर्व काळात मुंबईचे इंग्रज तटस्थ असल्याचे दाखवीत होते. पोर्तुगीज पडले तर मराठे मुंबईच्या दाराशी येतील ही भीती त्यांना होती. उलट पोर्तुगीजांना उघड मदत केली तर मराठ्यांचा रोष ओढवणार होता. त्यांनी वसईला थोडा दारूगोळा पुरवला. वेढ्याच्या अखेरीस पोर्तुगीजांनी पैसे मागितले, तेव्हा चर्चमधील चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले.

वसई पडताच इंग्रजांनी धोरण बदलले. कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन याला शाहूंकडे साताऱ्यास पाठवण्यात आले. जुलै १७३९ मधील तहान्वये इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. दुसरीकडे मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणण्याचे काम सुरू झाले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये उभे केले. पोर्तुगीजांच्या पाडावाचा राजकीय लाभ मराठ्यांना झाला. मात्र किनाऱ्यावरचा एक युरोपीय प्रतिस्पर्धी कमी झाल्याचा फायदा कालांतराने इंग्रजांच्या पदरात पडला.

पाटस, पाबळ आणि घरातील तणाव

वसईच्या विजयानंतरचे महिने पेशवे कुटुंबासाठी तणावाचे होते. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधामुळे पुण्यातील सनातनी मंडळी व घरातील वडीलधारी माणसे नाराज होती. राधाबाई, चिमाजी आप्पा आणि बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांनी दोघांना वेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला. १७३९ च्या अखेरीस बाजीराव पुणे सोडून पाटस येथे जाऊन राहिले. सध्या दौंड तालुक्यात असलेले हे गाव पुणे-सोलापूर मार्गावर आहे. पुण्यात नजरकैदेत असलेली मस्तानी तेथून निसटून पाटसला पोहोचली. तिला समजावून परत आणण्यासाठी घरच्यांनी माणसे पाठवली आणि पुढे बाजीराव स्वारीवर गेले असता पुण्यात तिला पुन्हा कैदेत ठेवण्यात आले.

भावावर निस्सीम प्रेम आणि घराण्याच्या लौकिकाची चिंता यांच्या कात्रीत आप्पा या प्रकरणात सापडले होते. मस्तानीला इनाम मिळालेल्या गावांपैकी पाबळ हे एक होय. शिरूर तालुक्यातील या गावी तिची कबर आहे.

अखेरचे वर्ष

१७४० च्या आरंभी दोघे भाऊ पुन्हा एकत्र लढले. निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेनंतर फेब्रुवारी १७४० मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीराव तेथून उत्तरेकडे निघाले. चिमाजी आप्पा नानासाहेबांसह कुलाब्याकडे गेले; संभाजी आंग्रे यांनी मानाजींवर स्वारी केली होती आणि मानाजींना मदतीची गरज होती. तेथे असतानाच बाजीरावांच्या निधनाची वार्ता आली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले होते.

पेशवाईच्या वारशावरून साताऱ्यात लगेच हालचाली सुरू झाल्या. नागपूरकर रघूजी भोसले यांनी बारामतीच्या बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले होते. आप्पांनी स्वतःसाठी पद मागितले नाही. पुतण्याचा हक्क त्यांनी उचलून धरला आणि जून १७४० मध्ये शाहूंनी नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे दिली. पोर्तुगीजांशी झालेला चौलविषयीचा तह हे आप्पांच्या हयातीतील शेवटचे मोठे राजकीय कार्य ठरले.

जुन्या आजाराने उचल खाल्ली आणि १७ डिसेंबर १७४० रोजी पुणे येथे चिमाजी आप्पांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी सुमारे तेहतीस वर्षांचे होते. अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचे सदाशिवराव मातापित्यांविना राहिले.

वसईचा पुढील इतिहास

वसई मराठ्यांकडे सुमारे चार दशके सलग राहिली. मात्र समुद्रावरील मराठ्यांचे सामर्थ्य या काळात वाढण्याऐवजी घटले. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्रे यांचा पराभव केला. त्यांचे आरमार विजयदुर्गात जळाले. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना तोंड देऊ शकणारे दुसरे मोठे आरमार मराठ्यांपाशी उरले नाही.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथराव पेशव्यांनी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई इंग्रजांना देण्याचे कबूल केले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसईचा किल्ला जिंकला आणि त्यानंतर लगेच वज्रेश्वरीजवळ दुगाड येथील लढाईत मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश कानडे धारातीर्थी पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यानंतर दुसरे बाजीराव वसईस आश्रयाला गेले. चिमाजी आप्पांच्या थोरल्या भावाचे हे नातू. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसई येथे इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. या तहाने पेशव्यांचे स्वातंत्र्य व्यवहारतः संपले. तहानुसार आलेल्या फौजेची मोठी छावणी घोडनदीच्या काठी शिरूर येथे वसली. पुणे-अहमदनगर मार्गावरील या ठाण्यातून पेशव्यांच्या राजधानीवर लक्ष ठेवता येत असे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण याच शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. त्याच वर्षी पेशवाई संपली. वसईच्या तहाला त्या वेळी बरोबर पंधरा वर्षे झाली होती.

मूल्यमापन

बाजीरावांच्या वेगवान घोडदळी मोहिमांच्या तुलनेत चिमाजी आप्पांची वसईची मोहीम वेगळ्या जातीची होती. दोन पावसाळ्यांत पसरलेले हे युद्ध मोर्चे, सुरुंग, रसद आणि स्थानिक माहिती यांच्या बळावर जिंकले गेले. पहिल्या अपयशानंतर योजना बदलणे, भोवतालची ठाणी आधी घेणे, गोव्यावर दुसरी आघाडी उघडणे आणि विजयानंतर दिलेला शब्द पाळणे या चार गोष्टींत त्यांचे सेनापती म्हणून वैशिष्ट्य दिसते. युरोपीय सत्तेने बांधलेला आणि सागरी मदतीवर अवलंबून असलेला एवढा मोठा किल्ला वेढा देऊन घेण्याचे हे अठराव्या शतकातील भारतातील एक ठळक उदाहरण होय.

या विजयाची मर्यादाही त्याच्या स्वरूपातच होती. जमिनीवरील फौजेने खाडीचे दोन्ही काठ धरल्यामुळे वसई पडली. समुद्र मात्र मोकळाच राहिला. जिंकलेली किनारपट्टी राखण्यासाठी एकसंध आरमाराची गरज होती. आंग्रे घराण्यातील दुफळी सांधण्याचा आप्पांनी अखेरच्या वर्षात केलेला प्रयत्न त्यांच्या मृत्यूने अपुरा राहिला. पाच हजारांवर माणसांच्या मोबदल्यात मिळालेल्या किल्ल्यात त्रेसष्ट वर्षांनी पेशव्यांनीच परक्या सत्तेचे संरक्षण स्वीकारले, या घटनेचे मूळ अनेक अभ्यासक या सागरी दुर्बलतेत शोधतात.

स्मृती

मोहिमेच्या वेळी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता, अशी श्रद्धा आहे. विजयानंतर वज्रेश्वरी येथे मंदिर उभारण्यात आले. वसई भागातील चर्चमधून आणलेल्या मोठ्या घंटा महाराष्ट्रातील काही मंदिरांत आजही पाहता येतात. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथील घंटा विशेष प्रसिद्ध आहेत. पुण्यात मुठा नदीकाठच्या ओंकारेश्वर मंदिराच्या परिसरात चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसईच्या किल्ल्यात त्यांचे स्मारक आणि पुतळा आहे.

मोहिमेची पत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध असून गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांत त्यांचा एक स्वतंत्र खंड आहे. साष्टीच्या बखरीत स्थानिक मंडळींच्या कामगिरीचे वर्णन येते. य. न. केळकर यांनी वसईच्या मोहिमेवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.